मुळशीच्या काठाकाठानं



हल्ली आपल्या मंडळातल्या साठीच्या बायकासुद्धा बुटांच्या नाड्या आवळून गडावर निघतात, याचं मला फार कौतुक वाटतं. चातुर्मास संपला, दिवाळी झाली की फोनवर फोटो यायला लागतात. कैलासगड, घनगड, तैलबैला. पुण्याहून ताम्हिणीच्या बाजूनं या गडांकडे गेलं, तर चढ लागण्याआधी मुळशीचं पाणी लागतं. गड कितीही चांगला असला तरी सगळ्यात जास्त फोटो त्या पाण्याचेच असतात. निळं पाणी, त्यात उतरलेले डोंगर, काठावर ओळीनं उभ्या मैत्रिणी. खाली लिहिलेलं असतं, "निसर्गाच्या कुशीत."

आजचा लेख त्या पाण्याविषयी आहे. ते निसर्गानं केलेलं नाही. साधारण 100 वर्षांपूर्वी एका कंपनीनं धरण बांधून ते अडवलं. त्याच्या तळाशी भाताची खाचरं आणि गावं आहेत, आणि ती बुडू नयेत म्हणून तिथले बायका-पुरुष तुरुंगात गेले. तो इतिहास आपल्या घरातल्या विजेच्या बटणापर्यंत येऊन पोचतो, म्हणून घर सांभाळणाऱ्या बायकांनी तो वाचावा असं मला वाटतं.

आधी वाटेविषयी थोडं. मी स्वतः मागच्या मार्गशीर्षात सुनेच्या मैत्रिणींबरोबर कैलासगडाला गेले होते. पुण्याहून पिरंगुट, पौड, मग मुळशीच्या पाण्याकाठानं ताम्हिणीचा रस्ता. घाटाच्या अलीकडे उजवीकडे लोणावळ्याच्या दिशेनं फाटा फुटतो आणि वडुस्ते गावाजवळून गडाची चढण सुरू होते. आम्ही गाडी मुद्दाम लांब उभी केली आणि पहिला तासभर पाण्याच्या कडेकडेनं चाललो. माझ्यासारखीला तेच पुरेसं होतं. बरोबर दशम्या, शेंगांची चटणी आणि घरून गाळून, उकळून आणलेलं पाणी. अनस्तमी पाळायची म्हणजे परतीचा हिशेब आधीच मांडावा लागतो, त्यामुळे पहाटेच निघालो होतो. धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं.

चालताना एक गोष्ट लक्षात आली. इतकं मोठं जुनं पाणी, पण त्याच्या काठावर एकही जुना घाट नाही, पायऱ्या नाहीत, पार नाही. आपल्याकडे कुठल्याही जुन्या तळ्याच्या काठी देऊळ असतं, धुणं धुवायचा दगड असतो. इथं पाणी एकदम शेताच्या उतारावर येऊन थांबल्यासारखं दिसतं. जिथं ते थोडं ओसरलं होतं तिथं उघड्या मातीत दगडांच्या सरळ रेषा दिसत होत्या. पुढच्या वस्तीवर काकड्या विकायला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारलं, "मावशी, हे बांध आहेत का?" त्या म्हणाल्या, "बांधच की. आमची आजेसासू तिकडं खाली नांदली. आता तिथं मासं नांदत्यात." मग पाण्याकडे न बघताच म्हणाल्या, "पानी कंपनीचं हाय."

घरी आल्यावर मी या "कंपनीचं" शब्दाच्या मागे लागले. मुलानं पुस्तकं आणून दिली. वाचलं ते आता तुम्हाला सांगते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा आणि धुरानं शहर काळं व्हायचं. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि डोंगर कोकणाच्या बाजूला एकदम तुटलेला आहे. माथ्यावर पाणी अडवून ते नळातून कड्याखाली सोडलं तर त्या जोरावर वीज तयार होईल, हा विचार जमशेटजी टाटांच्या काळातला. ते 1904 साली वारले. पुढं त्यांच्या मुलांनी आणि कंपनीनं तो पुरा केला. लोणावळ्याच्या बाजूचे तलाव बांधून 1915 साली खोपोलीला वीज सुरू झाली. नंतर आंध्रा खोऱ्यातलं ठोकरवाडीचं धरण आणि 1922 साली भिवपुरीची वीज. तिसरी पाळी नीला आणि मुळा या नद्यांची, म्हणजे मुळशीची. लोणावळ्याला सहलीला गेल्यावर आपण जे तलाव बघतो त्यातले बरेचसे याच विजेसाठी केलेले आहेत.

यातली एक करामत मला नकाशा समोर धरल्याशिवाय समजली नाही. मुळा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी. ती मुठेला मिळते, पुढं भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. पण मुळशीला अडवलेलं पाणी बोगद्यातून उलट, पश्चिमेकडे नेतात. ते सुमारे 500 मीटर खाली भिरा इथं कोकणात उतरतं, जनित्रं फिरवतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला जातं. जे पाणी पंढरपूरवरून जायचं, ते रोह्यावरून जायला लागलं. माणसानं एका नदीचा समुद्रच बदलला. हुशारी म्हणून बघाल तर थक्क व्हाल.

आता दुसरी बाजू. मुळशी पेटा म्हणजे भाताचा मुलूख. इथला आंबेमोहोर पुण्याच्या पेठांमधून नावाजलेला. खाचर तयार करायला पिढ्या जातात. डोंगरउतारावर बांध घालायचा, माती अडवायची, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरेल अशी पातळी साधायची. ज्या बाईनं भात लावला आहे तिला ठाऊक आहे की खाचर हे घरासारखं असतं, ते दुसरीकडे उचलून नेता येत नाही. नेमकी हीच खोऱ्यातली सपाट, ओलाव्याची जमीन धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. गावं 50च्या आसपास, माणसं दहा हजारांच्या वर.

सरकारच्या हाती 1894 चा भूसंपादन कायदा होता. सार्वजनिक कामासाठी जमीन घेता येते, मोबदला द्यायचा, असा तो कायदा. पण मुळशीत आधी खोदाई आली आणि रीतसर सूचना नंतर. आपल्या शेतात चर खणायला माणसं आली म्हणून एका शेतकऱ्यानं अडवलं, तर गोऱ्या इंजिनिअरनं त्याच्यावर पिस्तूल रोखलं. ही बातमी पुण्यात पोचली, वर्तमानपत्रांनी उचलली आणि पुण्यातली पुढारी मंडळी मुळशीत जाऊ लागली.

16 एप्रिल 1921, रामनवमी. मैत्रिणींनो, ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी हजार-बाराशे मावळे धरणाच्या जागी चालत गेले आणि कामाच्या जागेवर बसले. त्यात बायका होत्या, पोरं होती. कोणावर हात उचलला नाही, नुसते बसून राहिले. मजुरांनी काम थांबवलं. घोषणा होती, "जान किंवा जमीन." हे ठाण महिनाभर चाललं आणि कंपनीला काही महिने काम बंद ठेवावं लागलं. धरणाविरुद्ध लोकांनी संघटितपणे केलेला जगातला पहिला लढा म्हणून अभ्यासक मुळशीचं नाव घेतात. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे. नर्मदेचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं, पण घरापासून दोन तासांवरचं हे नाव शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटलं नव्हतं.

त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त मुळशीविषयी लिहिलं. टाटांच्या घराण्याशी त्यांचे संबंध चांगले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या लढ्याला सर रतन टाटांनी पैसे दिले होते. तरी त्यांनी स्पष्टपणे गरिबांची बाजू घेतली. कायद्यानं हक्क मिळालेला असला तरी त्यावर अडून न बसता लोकांशी बोला, अशी विनंती त्यांनी कंपनीला केली. पण वर्ष संपता संपता काम पुन्हा सुरू झालं. लोक पुन्हा बसले. या वेळी पोलीस होते, धरपकड झाली, खटले झाले, शिक्षा झाल्या. बायकाही तुरुंगात गेल्या. चूल, लेकरं, गाभण म्हैस मागे टाकून जेलमध्ये जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

इथवर गोष्ट सरळ वाटते. एका बाजूला कंपनी आणि सरकार, दुसऱ्या बाजूला शेतकरी. पण मी 1981 सालची बी.कॉम. आहे. मोबदल्याची गोष्ट आली की माझं लक्ष पैसे कोणाच्या खात्यावर जमा झाले इकडे जातं. आणि तिथं हा लढा आतून फुटला.

मुळशीतली बरीचशी जमीन कागदोपत्री सावकारांची होती. पुण्यात राहणारे सावकार. जमीन कसणारा मावळा अनेक ठिकाणी कूळ होता, खंड देणारा. काहींची जमीन पूर्वी स्वतःची होती आणि कर्जापायी गेलेली. आता मोबदला देताना कायदा विचारतो, मालक कोण? ज्याचं नाव कागदावर तो. सावकारांना सुरुवातीला लढा हवा होता, कारण लढ्यामुळे भाव वाढतो. भाव बरा मिळतोय असं दिसल्यावर त्यांना पैसे घेऊन मोकळं व्हायचं होतं. मावळ्याला पैसे नकोच होते, त्याला खाचर हवं होतं. दोघं एकाच मांडवात बसले होते, पण त्यांचं मागणं एक नव्हतं. लढा इंग्रजांनी मोडला म्हणतात ते खरंच आहे, पण त्याच्या आधी तो या ठिकाणी चिरला होता.

हे वाचताना मला माझ्या माहेरची आडत आठवली. आम्ही बारामतीकडचे. आजोबांचं धान्याचं दुकान, त्याला जोडून थोडी सावकारी. लाल कापडातल्या वह्या, रोजकीर्द आणि खतावणी वेगळी, पाडव्याला त्यांची पूजा. आजोबा सज्जन म्हणून पंचक्रोशीत नाव होतं आणि ते खोटं नव्हतं. पण व्याज चढत जातं तेव्हा सज्जन माणसाच्या वहीतही ते तसंच चढतं. आपल्या भागाचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा. 1875 साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांत आपल्या धर्माची घरंही होती. मुख्य राग माणसांपेक्षा कागदांवर होता, कर्जरोखे काढून जाळले गेले. त्यानंतर चार वर्षांनी, 1879 साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. मुळशीतला मावळा आणि त्याचा सावकार यांच्यातला दुरावा 1921 साली अचानक उगवलेला नव्हता.

कॉलेजात आम्हाला ताळेबंद शिकवायचे. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता, बेरजा जुळल्या की काम झालं. जमिनीची किंमत लिहिता येते, घसारा काढता येतो, नावलौकिकाचीसुद्धा रक्कम धरता येते. खंडानं जमीन कसणाऱ्या माणसाचं त्या जमिनीशी असलेलं नातं लिहायला मात्र खातंच नाही. म्हणून मुळशीचा हिशेब जुळलेला दिसला. ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं त्यांची नोंदच झाली नव्हती.

आपल्या घरात पाणी गाळायची रीत आठवा. माझी आजी विहिरीचं पाणी दुहेरी छन्न्यातून गाळायची आणि गाळून राहिलेली जिवाणी जपून पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, ओट्यावर तर नाहीच. लहानपणी मी विचारलं होतं, पाणी ते पाणी, कुठंही टाकलं तर काय? ती म्हणाली, "ज्याचं त्या पाण्यात जगणं आहे, त्याला त्याच पाण्यात सोडायचं." जो जीव डोळ्यांना दिसतही नाही त्याच्यासाठी आपल्या पूर्वजांनी हा नियम केला. मुळशीतल्या माणसांना मात्र त्यांच्यासारख्याच दुसऱ्या जमिनीवर नेऊन सोडावं, असा विचार कायद्यात नव्हता. रोख रक्कम दिली की कायद्याची जबाबदारी संपली. पुष्कळ जण डोंगराच्या वरच्या, हलक्या जमिनीवर सरकले, कोणी मजुरीला शहरात गेले.

आता सेनापती बापटांविषयी सांगितल्याशिवाय मुळशी पुरी होत नाही. पांडुरंग महादेव बापट, 1880 सालचे, पारनेरचे. शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला शिकायला गेले आणि पॅरिसहून बाँब बनवायची माहिती घेऊन परतले. पुढं ते पारनेरला रोज सकाळी उठून हातात झाडू घेत आणि गावचे रस्ते झाडत. असा हा माणूस मुळशीच्या लढ्यात उतरला, आणि "सेनापती" हे नाव त्यांना याच लढ्यानं दिलं. वारंवार तुरुंगात गेले. जवळचे लोक पांगले, सावकार गेले, पुढारी थकले, तरी ते हटले नाहीत. शेवटी 1924 च्या डिसेंबरात मोजक्या साथीदारांना घेऊन, हत्यारं बरोबर बाळगून, त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्यात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते सुटेपर्यंत धरण कधीच पुरं झालं होतं.

या प्रसंगापाशी मी पुस्तक मिटून बरेच दिवस ठेवलं होतं. रामनवमीला नुसत्या बसून राहिलेल्या बायका मला आपल्या वाटतात. हत्यार घेतलेला माणूस आपला कसा म्हणायचा? स्वाध्यायात आपण हिंसेचे चार प्रकार शिकतो. ठरवून, हेतूनं केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, दळण-कांडण यांत होणारी ती आरंभी. शेती-व्यापारात होणारी ती उद्योगी. आणि स्वतःच्या, घराच्या, आश्रितांच्या रक्षणासाठी प्रतिकार करताना होणारी ती विरोधी. गृहस्थानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन त्याला पूर्ण सुटत नाहीत, पण त्या जाणून, जपून, कमी करत न्यायच्या.

बापटांचं हत्यार मी यातल्या कुठल्या रकान्यात घालू हे मला ठरवता येत नाही. घर बुडतंय म्हणून केलेला प्रतिकार म्हणाल तर विरोधी. पण गाडीतल्या कामगाराचा त्यात काय दोष होता? त्यानं काही गाव बुडवायचा संकल्प केला नव्हता, तो पोटासाठी राबत होता. म्हणून मी गाडी अडवण्याचं समर्थन करत नाही. पण त्याच वेळी मला दिसतं, की धरणाची हिंसा उद्योगी होती आणि तिच्याकडे कोणी हिंसा म्हणून बघितलंच नाही. पिस्तूल लगेच दिसतं. पाणी दर पावसाळ्यात हातभर चढतं आणि उंबरा ओलांडतं, तेव्हा तिथं कोणी आरोपी उभा नसतो. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत जमीन फोडण्याचं काम घातलं, तळी-सरोवरं आटवण्याचं कामसुद्धा घातलं. तळं आटवणं त्यांना डोळ्यांपुढं दिसत होतं. नदी अडवून गावावर तळं उभं करता येईल, हे त्या काळात कोणाच्या स्वप्नातही नसेल.

आणि चौथी, आरंभी हिंसा? तिथं आपण येतो.

1927 साली भिऱ्याची वीज सुरू झाली. गिरण्यांना मिळाली, रेल्वेला मिळाली, आणि मुंबईच्या घरांतही आली. मुंबईच्या शहर भागात घरोघरी वीज पोचवायचं काम बेस्टचं, आणि ती वीज मोठ्या प्रमाणात टाटांकडून यायची. माझ्या आईचं आजोळ भुलेश्वरचं. तिची आजी सांगायची म्हणे, की विजेचा दिवा आला आणि तिच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. कारण तेलाच्या दिव्यावर पतंग येऊन जळायचे. चातुर्मासात तर संध्याकाळी दिवा लावायची तिला भीतीच वाटे. दिव्याला जाळी, वर काच, तरी सकाळी खाली पंख दिसायचे. विजेच्या दिव्याला ज्योत नाही, त्यामुळे जळणारा पतंग नाही. तिला तो दिवा जास्त अहिंसक वाटला. तिनं त्या उजेडात बसून पोथ्या वाचल्या.

मला ही गोष्ट आईनं सांगितली तेव्हा ती पणजीच्या दयाळूपणाची म्हणून सांगितली होती, आणि ती तशीच आहे. पतंगासाठी जीव तुटणाऱ्या त्या बाईला कोणी सांगितलं असतं, की या उजेडासाठी घाटमाथ्यावर आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली आणि तुझ्यासारखीच एक बाई उंबरा सोडून निघाली, तर तिला झोप लागली नसती. तिला कोणी सांगितलं नाही. तारेतून फक्त वीज येते, ती कुठून आली हे तारेतून येत नाही.

आपल्या बाबतीत मात्र तसं म्हणता येणार नाही. आपण आता मुळशीच्या काठावर जाऊन उभ्या राहतो, डबे उघडतो, फोटो काढतो. आपल्याला कळायची सोय आहे.

म्हणून वीज वापरू नका असं मी सांगणार नाही. माझ्याकडे मिक्सर आहे, फ्रीज आहे, आणि गुडघ्यांमुळे आता गीझरही लागतो. गिरण्यांत लाखो लोकांना रोजगार मिळाला, त्यांत मावळातून आणि कोकणातून गेलेलेही होते. कोळशाचा धूर कमी झाला, हेही जमेच्या बाजूला लिहायला हवं. पण रोजकीर्द लिहिताना नावे आणि जमा दोन्ही लिहायच्या असतात. मुळशीविषयी आपण इतकी वर्षं जमेचीच बाजू वाचत आलो.

आजही हा हिशेब बंद झालेला नाही. पुणे-पिंपरी वाढलं, पाणी पुरेना, आणि मुळशीचं पाणी पश्चिमेला न सोडता काही तरी पूर्वेकडे द्यावं अशी मागणी होत असते. काठावरच्या जमिनींवर बंगले आणि रिसॉर्ट उभे राहिले. जाहिरातीत पाण्याच्या देखाव्याचा वेगळा भाव लावलेला असतो. ज्यांच्या पणजोबांची जमीन त्या देखाव्याखाली आहे, त्यांतले काही जण त्याच बंगल्यांवर राखणीला असतात. काकड्या विकणाऱ्या त्या मावशींचा नातूही तिथंच कामाला होता.

मुंबईला गेलात तर दादर-परळ भागातल्या सेनापती बापट मार्गावरून जाल. पूर्वी त्याला तुळशी पाइप रोड म्हणत, कारण तुळशी तलावाच्या पाण्याची मोठी नळवाट तिथून गेलेली. तो रस्ता गिरणगावातून जातो. ज्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळशी बुडाली, त्यांच्याच वस्तीतल्या रस्त्याला मुळशीच्या सेनापतीचं नाव आहे. आता तिथं मॉल आहेत. पुण्यातही त्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्याच्यावर आपण सणाच्या साड्या घेतो. पुढच्या खेपेला नातवंडं बरोबर असतील तर त्यांना सांगा की हे सेनापती कुठल्या सैन्याचे होते. भात लावणाऱ्या माणसांच्या.

आणि मुळशीला जरूर जा. पाऊस सरल्यावर, मार्गशीर्ष-पौषात जा, तेव्हा पायाखाली जीव कमी असतात आणि ऊन सोसतं. गडाची घाई करू नका, पहिला तासभर काठानं पायी चाला. पाण्यात उतरू नका, तळ एकदम खोल जातो. कागद, पिशव्या मागे टाकू नका. रस्त्याकडेला काकडी, करवंदाचं लोणचं, आंबेमोहोर विकणारी बाई भेटली तर घासाघीस न करता घ्या आणि तिला विचारा, "तुमचं मूळ गाव कुठलं?" ती बहुधा पाण्याकडे बोट दाखवेल. त्या गावाचं नाव विचारून घ्या आणि घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत सध्या एकच नाव आहे. पुढच्या मार्गशीर्षात आणखी लिहायची आहेत.

जय जिनेंद्र.